दुसरा बाण



या सदरातून आम्ही आजवर मुलांच्या मराठीविषयी, कार्यालयात दबकत विचारल्या जाणाऱ्या जातीविषयी, चौदा एप्रिलच्या तयारीविषयी आणि गावाकडच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांविषयी लिहीत आलो. आजाराविषयी मात्र कधी लिहिले नाही. आपल्या मंडळाच्या बैठकांतही हा विषय क्वचितच निघतो. कोणाला काही झाले तर ते कुजबुजीतून कळते, आणि माणूस बरा झाल्यावरच त्याविषयी मोकळेपणाने बोलले जाते.

गेल्या सप्टेंबरात शॉमबर्गच्या आमच्या घरी लिम्फोमाचे निदान झाले. गाठ निघाली ती आम्हा पतिपत्नींपैकी एकाच्या मानेत. कोणाच्या, हे मंडळातील बहुतेकांना आता ठाऊक आहे. उपचार एका देहावर झाले, परंतु निदानाचा आघात दोघांच्याही मनावर झाला. म्हणून या लेखातही नेहमीप्रमाणे 'आम्ही' हेच सर्वनाम ठेवले आहे. उपचारांची हकिगत सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. निदान कळल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या काही आठवड्यांत मनाचे काय होते, आणि आपल्यासारख्या कुटुंबांत ते विशेष कसे होते, एवढेच मांडायचे आहे.

लिम्फोमा हा लसिकासंस्थेचा कर्करोग. मान, काख, जांघ, छाती, पोट अशा ठिकाणी शरीराच्या संरक्षणासाठी लहान लहान ग्रंथी असतात. सर्दीपडशात त्या सुजतात, दुखतात आणि पुन्हा बसतात. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. आमच्या घरी ती ऑगस्टमध्ये गळ्याखालच्या हाडाच्या वर हाताला लागली. रात्री कपडे भिजतील इतका घाम येत होता. तो आम्ही उन्हाळ्याचा समजत होतो. डॉक्टरांनी प्रथम सोनोग्राफी करवली, मग सुईने पेशी काढल्या. तेवढ्याने भागत नाही, कारण या रोगात सुट्या पेशींबरोबर ग्रंथीची संपूर्ण रचना पाहावी लागते. अखेर लहानशी शस्त्रक्रिया करून गाठच काढली आणि तपासणीला पाठवली.

अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमामुळे तपासणीचा अहवाल तयार होताच तो रुग्णाला पाहता येतो. माहितीवर पहिला हक्क रुग्णाचा, हे तत्त्व आम्हाला मान्यच आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा की, अनेकांना आपला कर्करोग डॉक्टरांच्या आधी फोनचा पडदा सांगतो. आमचेही तसेच झाले. एका गुरुवारी दुपारी दोघेही घरून काम करीत असताना सूचना वाजली. आठ-दहा ओळींचा अहवाल होता आणि शेवटी निदान: क्लासिक हॉजकिन लिम्फोमा. आम्ही दोघेही संगणकातील बिघाडांच्या नोंदी वाचून पोट भरणारी माणसे. तो अहवालही आम्ही तसाच, एकेक ओळ खाली सरकवीत वाचला.

त्यानंतर आली ती एक कोरडी शांतता. पंधरा मिनिटांनी मीटिंग होती. तिला आम्ही हजर राहिलो, त्यात बोललोही. मुलीला शाळेच्या बसथांब्यावरून आणले. संध्याकाळी गोल्फ रोडवर वुडफील्ड मॉलकडे वळणाऱ्या गाड्यांची रोजची रांग लागलेली दिसली, आणि सारे एवढे सुरळीत चालले आहे याचा राग आला. भीती रात्री आली. दोघेही जागे होतो, आणि समोरचा झोपला आहे असे दोघेही धरून चाललो होतो. पुढचे कित्येक दिवस हात आपोआप मानेवर जात असे. ज्या देहावर छत्तीस वर्षे भरवसा ठेवला, तो आता कोणा परक्याच्या देखरेखीखालचा वाटू लागला.

या भीतीला आमच्या घरी एक जुना शब्दही होता. नागपुरातल्या ज्या वस्तीत आम्ही वाढलो तिथे कर्करोग हा शब्द फारसा उच्चारला जात नसे. "टाटाला नेलं" एवढेच म्हणत. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि देशभरातल्या गरिबांचा आधार ठरले. पण वस्तीतून तिथे पोहोचणारा माणूस बहुधा फार उशिरा पोहोचे. बरोबरचे नातेवाईक पदपथावर पथाऱ्या टाकून राहत, आणि परत येत ते पुष्कळदा रुग्णाशिवाय. त्यामुळे 'टाटाला नेलं' म्हणजे 'गेला' असाच अर्थ आमच्या लहानपणच्या कानांनी लावलेला होता. अमेरिकेतल्या अद्ययावत रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात, उत्तम विमा हाताशी असताना, आमच्या मनात तो पदपथ होता. वर्ग बदलला म्हणून भीतीची स्मृती बदलत नाही, हे तेव्हा कळले.

निदानानंतरचा काळ म्हणजे मुख्यतः वाट पाहण्याचा काळ. रोग किती पसरला आहे हे पाहण्यासाठी पेट स्कॅन करतात. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि तासभर एका शांत खोलीत पडून राहायला सांगतात. ज्या पेशी अधाशीपणे साखर खातात त्या चित्रात उजळून दिसतात. त्या द्रव्याचा जोर दर ११० मिनिटांनी निम्म्यावर येतो. तोवर लहान मुलांना फार जवळ घेऊ नये, असे सांगून घरी पाठवतात. त्या संध्याकाळी सहा वर्षांच्या मुलीने मिठी मारायला धाव घेतली आणि तिला हातभर अंतरावर थांबवावे लागले. सबंध आजारपणात सर्वांत जड गेलेले क्षण मोजायला सांगितले, तर आम्ही सुयांच्या आधी तो सांगू.

स्कॅनवरून दुसरा टप्पा ठरला. मान आणि छाती, त्याखाली काही नाही. कर्करोगतज्ज्ञ बाईंनी शांतपणे सांगितले की, या रोगातून अमेरिकेत दहापैकी जवळजवळ नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, आणि तुमच्या टप्प्यात आशा त्याहूनही अधिक. हा आकडा ऐकून धीर यायला हवा होता, आणि तो दिवसा येतही असे. रात्री मात्र मन त्या नऊ जणांना सोडून दहाव्याच्या शेजारी जाऊन बसत असे.

अशाच एका रात्री सल्लसुत्त आठवले. संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात ते आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी ते प्रवचनांतून ऐकले आहे. माणसाला एक बाण लागतो. ती शरीराची वेदना. अशिक्षित मनाचा माणूस मग शोक करतो, छाती पिटतो आणि त्याच जागी दुसरा बाण लावून घेतो. ती मनाची वेदना. पहिला बाण बुद्धालाही टळत नाही, दुसरा टाळता येतो. हे सुत्त आम्हाला तोंडपाठ असल्यासारखे होते. पण आपला दुसरा बाण नेमका कशाचा बनलेला आहे, हे आम्ही कधी हातात घेऊन पाहिले नव्हते. तो सर्वांचा सारखा नसतो. ज्या समाजातून आपण आलो त्या समाजाचे लोखंड त्याच्या टोकाला असते.

आमच्या बाणाचे पहिले टोक म्हणजे 'का?' हा प्रश्न. किराणा दुकानात भेटलेल्या एका परिचिताने हळहळत 'पूर्वजन्मीचे भोग' असे म्हटले, तेव्हा त्यांना काय उत्तर द्यायचे ते आम्हाला ठाऊक होते. परंतु दोनच दिवसांनी नागपूरहून आत्याचा फोन आला. आयुष्यभर पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीला जाणारी, घरात एकही देव न ठेवणारी आमची आत्या रडत म्हणाली, "तुम्ही तं कोनाचं वाईट नाही केलं बापा, मंग तुमच्यावरच काऊन?" तिच्या मायेत खोट नव्हती. तरीही त्या वाक्याच्या पोटात तोच हिशेब होता: वाईट करणाऱ्यावर आजार आला तर तो समजण्यासारखा, चांगल्यावर आला तर अन्याय. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण देव सोडले, अवतार सोडले, श्राद्धपक्ष सोडला. कर्माचा हा हिशेब मात्र आपल्या सांत्वनाच्या भाषेत अजून शिल्लक आहे.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात जे प्रश्न उभे केले, त्यांतला पहिलाच इथे उपयोगी पडतो. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहिला म्हणून गृहत्याग केला, ही परंपरागत कथा त्यांनी नाकारली. जरा, व्याधी, मरण या रोज शेकड्यांनी घडणाऱ्या गोष्टी. एकोणतीस वर्षांच्या माणसाला त्या तोवर दिसल्याच नाहीत हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा मुद्दा. त्या ठिकाणी त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. आम्ही हा भाग पूर्वी इतिहासाचा वाद म्हणून वाचला होता. या वेळी त्यातला दुसरा अर्थ जाणवला. आजार ही कोणासाठी राखून ठेवलेली अद्भुत घटना नाही. ती माणसाच्या असण्याचाच भाग आहे. जी गोष्ट सर्वांच्या वाट्याला येऊ शकते, तिच्याविषयी 'माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न आपोआप सैल होतो. आणि गरिबी किंवा नीच मानलेला जन्म यांचे खापर गतजन्मीच्या पापावर फोडणारा सिद्धांत बाबासाहेबांनी ज्या कारणासाठी फेटाळला, त्याच कारणासाठी रोगाचे खापरही तिथे फोडता येत नाही. दोन्हीकडे दुखावलेल्यालाच आरोपी ठरवले जाते.

खुद्द बुद्धाने या प्रश्नाला सरळ उत्तर दिले आहे. त्याच वेदनासंयुत्तात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचे फळ, असे म्हणणारे लोक आहेत, त्यांविषयी आपले काय मत? बुद्ध आठ कारणे मोजून दाखवतात: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूतील बदल, विषम वर्तन, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक. कर्मविपाक हा त्या आठांतला केवळ एक. सारेच पूर्वकर्माचे फळ म्हणणारे लोक स्वतःच्या आणि जगाच्या अनुभवापलीकडे उडी मारतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. त्या काळच्या वैद्यकाची भाषा वेगळी होती, पण शरीराच्या दुखण्याचे कारण प्रथम शरीरात शोधा, ही दृष्टी आजच्या प्रयोगशाळेचीच आहे.

त्या दृष्टीचे एक मोठे काम आमच्या शेजारच्या शहरात झाले. शिकागो विद्यापीठातील जॅनेट राऊली चार मुलांना वाढवीत अर्धवेळ संशोधन करीत. गुणसूत्रांच्या छायाचित्रांतून एकेक गुणसूत्र कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवीत बसत; मुले त्यांना कागदी बाहुल्या खेळणारी आई म्हणून चिडवीत. १९७२ आणि १९७३ साली त्यांनी दाखवून दिले की, रक्ताच्या काही कर्करोगांत दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून परस्परांच्या जागी जोडले जातात. पुढे लिम्फोमाच्या काही प्रकारांतही अशी अदलाबदल आढळली. हॉजकिन लिम्फोमातील रोगी पेशी हीदेखील मुळात आपल्याच संरक्षक बी-पेशींपैकी एक असते, हे १९९०च्या दशकात सिद्ध झाले. जनुकांच्या फेरफारात काही बिघडते, जी पेशी मरून जायला हवी ती मरत नाही, आणि वाढत राहते. काही रुग्णांत एका विषाणूचा संबंध दिसतो. पुष्कळांत कोणतेही एक कारण दाखवता येत नाही. अब्जावधी पेशींत रोज चाललेल्या नकलांपैकी एक नक्कल चुकली. आमच्या व्यवसायातल्या माणसाला हे उत्तर समजते. त्यात कोणी दोषी नाही, कोणी शिक्षा दिलेली नाही. हे कळल्यावर भीती गेली नाही, पण अपराधीपणा गेला, आणि अपराधीपणाशिवायची भीती पुष्कळ हलकी असते.

ज्याचे नाव या रोगाला आहे त्याच्याविषयीही वाचले, आणि ते वाचन आम्हाला अनपेक्षितपणे आपल्या घरचे वाटले. थॉमस हॉजकिन हे लंडनच्या गायज रुग्णालयातले डॉक्टर, क्वेकर पंथाच्या घरात जन्मलेले. १८३२ साली त्यांनी ग्रंथी आणि प्लीहा सुजलेल्या सात रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते गुलामगिरीचे विरोधक होते. साम्राज्याच्या वसाहतींतील मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी १८३७ साली जी संस्था लंडनमध्ये निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना हडसन्स बे कंपनी कशी वागवते याबद्दल त्यांनी आवाज उठवला. रुग्णालयाचे सर्वाधिकारी कोषाध्यक्ष त्याच कंपनीच्या कारभारात वरच्या पदावर होते. त्याच वर्षी हॉजकिन यांना रुग्णालयात बढती नाकारली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. नकारामागे त्यांची ही मते होती, असे इतिहासकार मानतात.

या रोगाची ओळख पटवणाऱ्या पेशीला रीड आणि स्टर्नबर्ग या दोघांची नावे आहेत. हा क्षयाचाच एक प्रकार असावा असा समज तेव्हा प्रबळ होता. १९०२ साली डोरोथी रीड या तरुण डॉक्टर बाईंनी हा स्वतंत्र रोग असल्याचे स्पष्ट केले. जॉन्स हॉपकिन्समध्ये स्त्री म्हणून आपल्याला पुढे जागा नाही हे कळल्यावर त्यांनी ते काम सोडले आणि पुढे विस्कॉन्सिनमध्ये माता-बालकांच्या आरोग्यासाठी आयुष्य घातले. भारतात आजही मानेतली गाठ म्हटली की प्रथम क्षयाचाच विचार होतो, आणि क्षय तिथे खरोखरच अधिक आढळत असल्याने तो स्वाभाविकही आहे. पण गाठ कमी होत नसेल तर बायोप्सीचा आग्रह धरलाच पाहिजे.

औषधांची कथाही अशीच अनेक हातांची आहे. १९६०च्या दशकापूर्वी पसरलेला हॉजकिन म्हणजे बहुधा मृत्यूच. मग अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली, आणि १९७५ साली मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी जी चार औषधे एकत्र आणली तीच आमच्या घरीही वापरली गेली. त्यांतले एक, व्हिनब्लास्टिन, सदाफुलीपासून मिळाले. कॅनडात १९५८ साली ते वेगळे काढले गेले. वस्तीत प्रत्येक दारापुढे डालड्याच्या डब्यात फुललेली, कोणी मुद्दाम न लावलेली ती सदाफुली! कोणा एकट्याच्या कृपेने नव्हे, तर जगभरच्या अनोळखी माणसांच्या श्रमाने आपण वाचतो, हे आम्हाला कोणत्याही नवसापेक्षा मोठे वाटते.

दुसऱ्या बाणाचे दुसरे टोक म्हणजे ऋण. आपल्यापैकी बहुतेकजण घराण्यातून प्रथमच परदेशी आलेले. मागे भावाचे शिक्षण, बहिणीच्या घराचे हप्ते, आईबाबांची औषधे, गावच्या ग्रंथालयाची वर्गणी. 'पे बॅक टू सोसायटी' हे वाक्य आपण मुलांनाही शिकवतो. मग निदान झाले की पहिला विचार स्वतःच्या जिवाचा येत नाही. इतक्या जणांनी ज्याच्यावर आशा ठेवल्या तो देहच फसवा निघाला, असे वाटते. जणू आपण आजारी पडून कोणाचे पैसे बुडवले. त्यात इथल्या कागदपत्रांची धास्ती. विमा नोकरीला बांधलेला, व्हिसाही नोकरीला बांधलेला. एच-वन-बी असलेल्याची नोकरी गेली तर हाती जास्तीत जास्त साठ दिवस. बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितले तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न हाच होता: "विमा आहे ना?" त्यानंतर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

या भीतीवर उपाय माहितीचाच आहे, म्हणून थोडे तपशील देतो. १९९३ च्या संघीय कायद्याप्रमाणे पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत वर्षभर आणि किमान १,२५० तास काम केलेल्यास गंभीर आजारासाठी वर्षात बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळू शकते. ती तुकड्यातुकड्यांनीही घेता येते, आणि त्या काळात विमा चालू राहतो. आजारी जोडीदाराच्या शुश्रूषेसाठीही हीच रजा आहे. नोकरी सुटलीच तर स्वतः हप्ता भरून तोच विमा साधारण अठरा महिने चालू ठेवण्याची सोय कायद्यात आहे. हप्ता मात्र भारी असतो. केमोथेरपीमुळे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. ज्यांना पुढे मूल हवे असेल त्यांनी उपचारांपूर्वीच डॉक्टरांना त्याविषयी विचारावे, कारण तो निर्णय काही दिवसांतच घ्यावा लागतो. आपण कायद्याच्या बळावर उभा राहिलेला समाज आहोत. आजारपणातही कायदा वाचणे ही आपली रीत असावी.

तिसरे टोक मौनाचे. रमाईच्या सोसण्याच्या कथा ऐकतच आपण वाढलो. बाबासाहेब परदेशी शिकत असता त्यांनी गोवऱ्या थापल्या, मुलांचे मृत्यू सोसले, आणि दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो ते योग्यच. परंतु त्यांनी मुकाट्याने सोसले ते त्यांना दुसरा मार्ग नव्हता म्हणून. आपल्याला मार्ग असताना मुकाट्याने सोसणे हा त्यांचा वारसा नव्हे. त्यांना जे मिळाले नाही ते आपल्या घरच्या आजारी माणसाला मिळावे, हा वारसा.

म्हणून आम्ही सांगायचे ठरवले. आईबाबांना, वरिष्ठांना, मंडळाला सांगितले. मुलीला तिच्या भाषेत सांगितले: गळ्यात एक चुकार गाठ आहे, औषधाने केस जातील, हे कोणाच्या चुकीमुळे झालेले नाही आणि ते तुला लागणार नाही. तिने केस परत कधी येतील एवढेच विचारले आणि खेळायला गेली. आई दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीला जाऊन स्तूपात तासभर बसून आली. काही मागितले नाही, नुसती बसले, असे म्हणाली.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मळात पडलेला बुद्धांना दिसतो. तो कोणाच्या कामी येत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नसतात. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात. मग सर्वांना एकत्र बोलावून समजावतात की, तुम्हाला इथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची करावी. घरापासून आठ हजार मैलांवर राहणाऱ्या आपल्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि त्यात आणखी एक गोष्ट आहे: त्या भिक्खूने ती सेवा स्वीकारली. ऋण फेडण्याची सवय लागलेल्या आपल्या पिढीला स्वीकारणे अवघड जाते. मंडळातील कुटुंबांनी पाळी लावून डबे दिले, केमोच्या दिवशी मुलीला शाळेतून आणले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आम्हाला जाता आले नाही तेव्हा चारच माणसे तोंडाला मास्क लावून घरी आली आणि वंदना घेऊन गेली. पहिल्या काही डब्यांच्या वेळी आम्ही संकोचाने परतफेडीचा विचार करीत होतो. पुढे तो विचार गळून पडला. घेणे हाही संघाचाच भाग आहे.

एका शब्दाविषयी मात्र विनंती आहे. भेटायला येणारे प्रेमाने म्हणत, "तुम्ही लढणारी माणसं, जिंकणारच." लढा हा आपल्या चळवळीचा शब्द आहे. चवदार तळ्यावर समोर माणसे होती, त्यांची मने होती, त्यांच्या निर्णयांना लाज वाटायला लावता येत होते. तिथे निर्धाराने फरक पडला. गुणसूत्रांना लाज नसते. औषध लागू पडले तर रुग्ण शूर आणि नाही पडले तर तो कमी लढला, असा हिशेब नकळत तयार होतो, आणि मग ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखात पराभवाची भर पडते. तोही दुसरा बाणच. रुग्णाला रडू द्यावे, घाबरू द्यावे, चिडू द्यावे. "मंगळवारी मी गाडी चालवतो" हे एक वाक्य शंभर शुभेच्छांपेक्षा जास्त कामाचे असते.

दोन महिन्यांच्या उपचारांनंतरच्या स्कॅनमध्ये रोगाची खूण दिसली नाही आणि ठरलेले उपचार फेब्रुवारीत पूर्ण झाले. यापुढे काही वर्षे तपासण्या चालतील, आणि प्रत्येक तपासणीच्या आधीचा आठवडा जड जाईल, हे आम्ही धरून आहोत. पहिला बाण पुन्हा येणारच नाही, असे वचन कोणी देऊ शकत नाही.

आपल्या मंडळाने मात्र काही गोष्टी आतापासून कराव्यात, असे सुचवतो. ज्यांना गंभीर आजारातून जावे लागले आणि बोलण्याची तयारी आहे, अशांची यादी ठेवावी, म्हणजे नव्याने निदान झालेल्याला पहिल्याच रात्री कोणाचा तरी आवाज ऐकता येईल. रजा, विमा आणि व्हिसा यांची माहिती देणारी एक बैठक वर्षातून एकदा व्हावी. भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या प्रवासी विम्याचाही त्यात विचार व्हावा. आणि प्रत्येक वाचकाने आज रात्री घरच्यांना एक प्रश्न विचारावा: दोन-तीन आठवडे न दुखणारी, न बसणारी गाठ कोणाला आहे का? कारण नसताना वजन उतरते आहे का, रात्री घाम येतो आहे का? असेल तर डॉक्टरांकडे जावे, आणि जे कळेल ते घरात सर्वांना कळू द्यावे.

जय भीम.